मध्यरात्री लंडनची मैफल: रेडिओवर सिंफनी ऐकायला बसणाऱ्यांसाठी

बडोद्यात कुणाला ‘मी ऑर्केस्ट्रा ऐकते’ असं सांगितलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे चमकीचा कोट घातलेला गायक, मागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि रफीची गाणी उभी राहतात. त्यात वाईट काही नाही, पण मी म्हणते तो ऑर्केस्ट्रा वेगळा. सत्तर-ऐंशी वादक, समोर हातात काठी घेतलेला कंडक्टर, आणि सभागृहात एकही लाउडस्पीकर नाही. असा कार्यक्रम आपल्या गावात होत नाही. रेडिओवर मात्र तो जवळजवळ रोज कुठे ना कुठे चालू असतो, तोही फुकट. गेली सात-आठ वर्षं मी तो ऐकते आहे. सुरुवातीला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

यूट्यूबवर सगळं असताना रेडिओ कशाला, हा प्रश्न हमखास येतो. यूट्यूबवर थांबवायचं बटण समोर असतं, म्हणून आपण दहा मिनिटांत उठतो. कुकरची शिट्टी होते, दूधवाला येतो, मग ‘नंतर बघू’. थेट प्रक्षेपण कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे माणूस निमूटपणे बसून राहतो. विलंबित ख्यालाला जशी बैठक लागते, तशी सिंफनीलाही, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या लांबलचक रचनेलाही लागते, आणि ती बैठक रेडिओ लावून देतो.

स्टेशन एकच धरा

रेडिओ गार्डन नावाच्या अ‍ॅपमध्ये पृथ्वीचा गोल फिरतो आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं स्टेशन वाजतं. पहिल्या दिवशी सगळे तेच करतात: हेलसिंकी, प्राग, लिस्बन, आणि शेवटी ऐकणं काहीच होत नाही. गंमत म्हणून एक संध्याकाळ फिरा, नंतर एक स्टेशन पक्कं करा.

मी सुरुवात बीबीसी रेडिओ ३ पासून करायला सांगते. कारण सरळ आहे. निवेदन इंग्रजीत असतं, तेही सावकाश, आणि कार्यक्रमाचा तपशील आधी छापलेला मिळतो. त्यातही उन्हाळ्यातले प्रॉम्स धरा. हा संगीतोत्सव १८९५ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये हेन्री वुड या कंडक्टरच्या हाताखाली सुरू झाला. १९२७ पासून तो बीबीसीकडे आहे. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला, तेव्हा मुक्काम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलला, तो आजही तिथेच. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हा उत्सव चालतो आणि त्यातली प्रत्येक मैफल रेडिओ ३ वरून जाते. मधल्या जागेत स्वस्त तिकिटाचे लोक उभे राहून ऐकतात. पियानोचं झाकण उचललं जाताना ते लोक ‘हीव्ह’ म्हणून ओरडतात आणि वरच्या गॅलरीतून ‘हो’ असं उत्तर येतं. आपल्याकडे जड कपाट उचलताना हमाल ओरडतात तसंच. रेडिओवर हे ऐकू येतं आणि कळतं की मंडळी आपल्यासारखीच आहेत.

रात्री जागणं जमत नसेल तर बॉस्टनचं डब्ल्यूसीआरबी धरा. तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राची शनिवार रात्री आठची मैफल आपल्याकडे रविवारी पहाटे पोचते. दुपारी मोकळे असाल तर ऑस्ट्रेलियाचं एबीसी क्लासिक पाहा. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार.

घड्याळाचं गणित

इथे सगळे घसरतात, म्हणून जरा तपशिलात जाते.

लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. म्हणजे तिथली संध्याकाळी साडेसातची मैफल आपल्याकडे उन्हाळ्यात बरोबर रात्री बारा वाजता येते, आणि हिवाळ्यात एक वाजता. अमेरिकेतल्या बदलाच्या तारखा निराळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. बॉस्टनचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा.

एका मार्च महिन्याच्या अखेरीला मी दुपारी झोप काढून, थर्मासमध्ये कॉफी भरून रात्री एकला बसले. ब्राम्सचा व्हायोलिन कंचेर्टो (एक व्हायोलिनवादक आणि सगळा ऑर्केस्ट्रा) होता, पंधरा दिवस वाट पाहिलेला. रेडिओ लावला तर मध्यंतराच्या गप्पा चाललेल्या. घड्याळं आदल्याच दिवशी पुढे गेली होती. कंचेर्टो वाजून संपला होता, टाळ्यासुद्धा विरल्या होत्या. तेव्हापासून फोनच्या घड्याळात लंडन कायमचं लावून ठेवलंय. ‘किती तासांचा फरक’ हे आठवत बसायचं नाही, तिथे आत्ता किती वाजले ते बघायचं.

दुसरी खोच तारखेची. लंडनची शुक्रवारची मैफल आपल्याकडे बारा वाजता सुरू होते, म्हणजे कॅलेंडरच्या हिशेबाने शनिवारी. गजर लावताना ‘शनिवार, रात्री बारा’ असं लावलंत तर फोन कुठली रात्र धरेल याचा नेम नाही. मी अकरा पंचेचाळीसचा गजर लावते, म्हणजे तारीखही तीच राहते आणि पाणी-चादर जमवायला पंधरा मिनिटं मिळतात. काही मैफली सातला किंवा सकाळी अकरालाही असतात, तेव्हा वेळ दर वेळी पाहून घ्या.

जागरण, पहाट काहीच नको असेल तर १ जानेवारीची वाट पाहा. वियेन्ना फिलहार्मोनिकची नववर्षाची मैफल तिथल्या वेळेनुसार सकाळी सव्वाअकराला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पावणेचार. ऑस्ट्रियाच्या ओआरएफ या प्रसारण संस्थेचं पहिलं रेडिओ चॅनल ती थेट देतं, युरोपातली इतर अनेक स्टेशनंही देतात. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपं काही नाही, कारण बहुतेक रचना पाच-दहा मिनिटांच्या असतात. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी ती पाच वेळा केली आहे: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. शेवटाकडे ‘ब्लू डॅन्यूब’चे पहिले थरथरते स्वर वाजतात, लोक मुद्दाम टाळ्या वाजवून ते थांबवतात, कंडक्टर आणि वादक नववर्षाच्या शुभेच्छा देतात, आणि मग वॉल्ट्झ पहिल्यापासून सुरू होतो. हे ठाऊक नसेल तर नेट अडकलं असं वाटतं. बडोद्यातली अडचण एवढीच की त्या सुमारास उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची तयारी जोरात असते, आणि शेजारच्या अगाशीवरचा लाउडस्पीकर वियेन्नाला दाद देत नाही. खिडक्या लावून घ्या.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका

मी काटेकोरपणाचा आग्रह एवढ्या एकाच बाबतीत धरते. आपला कान एका सुरावटीच्या मागे जायला तयार झालेला आहे. तानपुरा, तबला, पेटी हे सगळं त्या एका सुरावटीच्या सेवेला असतं. ऑर्केस्ट्रात एकाच वेळी चार-पाच सुरावटी चालतात आणि त्यांचा पाया डबल बास, चेलो, ट्यूबा असल्या खर्जाच्या वाद्यांवर असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून हा खर्ज येतच नाही. म्हणजे जे आपल्याला नवीन आहे तेच नेमकं गळून पडतं, आणि उरतं ते व्हायोलिनचं किणकिणणं. मग ‘मला यात काही कळत नाही’ असं म्हणून माणूस सोडून देतो. तार असलेला साधा इअरफोनही पुरतो, किंवा बरा ब्लूटूथ स्पीकर, भिंतीजवळ ठेवून.

आवाज किती ठेवायचा? निवेदक आपल्या शेजारी बसून बोलतोय इतपत. तो पुटपुटतोय असं वाटलं तर वाढवा, ओरडतोय असं वाटलं तर कमी करा, आणि मग हात लावू नका. या संगीतात अगदी हळू आणि कानठळ्या बसवणारं यांत फार मोठं अंतर असतं. हळू जागा आली म्हणून आवाज वाढवलात की पुढच्या मिनिटाला ढोल कोसळतो आणि घर जागं होतं. पंख्याचं काय करायचं ते मे महिन्यातल्या बडोद्याला विचारा. मी तरी सर्वांत हळू भाग येणार असं माहीत असेल तर तेवढा वेळ बंद करते.

नेट फारसं खात नाही. १२८ केबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण ५८ एमबी घेतो, ३२० चा १४४ एमबी. दोन तासांची मैफल एखाद्या छोट्याशा व्हिडिओइतकी पडते.

वादक स्वर लावतात ती पाच मिनिटं

यासाठी वेळेआधी बसायचं. निवेदक काय वाजणार, कोण वाजवणार ते सांगतो, मागे सभागृहाची कुजबुज असते. मग शांतता होते आणि ओबो नावाचं वाद्य एक लांब स्वर धरतं. त्या स्वराला सगळे आपापली वाद्यं मिळवतात. घरात पेटी असेल तर उघडून बघा, ती पांढरी सहा आहे. ४४० हर्ट्झ हा ठरलेला मान, वियेन्नावाले किंचित चढा लावतात. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा सगळं परकेपण एका स्वरात गेलं. ऐंशी माणसं तानपुरा जुळवत होती, एवढंच.

मग टाळ्या दोनदा येतात. आधी पहिल्या व्हायोलिनवादकासाठी, नंतर कंडक्टरसाठी. काही स्टेशनांवर व्हायोलिनवादकाच्या टाळ्या स्वर लावण्याआधीच येऊन जातात.

निवेदनातले तीन शब्द ओळखा. ओव्हर्चर ही छोटी सुरुवातीची रचना. कंचेर्टो म्हणजे एक वादक आणि बाकी सगळे, बहुधा तीन भागांत. सिंफनी म्हणजे सगळ्यांचं मिळून, बहुधा चार भागांत: एक जलद, एक संथ, एक नाचाच्या चालीचा, आणि शेवट पुन्हा जलद. इथे आपल्या कानाला एक सवय सोडावी लागते. आपण विलंबितातून द्रुताकडे चढत जातो. सिंफनीत द्रुत आधीच येऊन जातं, म्हणून संथ भागात ‘आता हे पडलं’ असं वाटू शकतं. पडलेलं नसतं.

दोन भागांच्या मधे तिकडचे लोक सहसा टाळ्या वाजवत नाहीत, खोकून घेतात. ऐकताना तो खोकला हीच तुमची खूण. तीन खोकले मोजलेत की चौथा भाग सुरू. मात्र बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत हे चालत नाही. तिचा तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो: ढोल दबक्या आवाजात टकटक करत राहतो, वर व्हायोलिनं चाचपडतात, आणि एकदम दार उघडावं तसा सगळा ऑर्केस्ट्रा उजेडात येतो. आतापर्यंत गप्प बसलेले ट्रॉम्बोनही तेव्हाच तोंड उघडतात.

कशापासून सुरुवात करायची

वर्षभराचे कार्यक्रम चाळताना दोन नावं दिसली तर ती रात्र राखून ठेवा.

पहिलं, राव्हेलचं ‘बोलेरो’, १९२८ सालचं, पंधरा-सोळा मिनिटांचं. माझी आत्या आयुष्यभर गाणं शिकवत आली. तिला मी हे पहिल्यांदा ऐकवलं. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माडीवर आम्ही दोघी एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून बसलो होतो. चार मिनिटांनी ती म्हणाली, “अगं, हा तबलजी झोपला की काय? ठेका बदलतच नाहीये.”

“बदलणारच नाही, आत्या.”

“मग?”

“तू मात्रा मोज ना.”

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. सहा मात्रांचं आवर्तन, छोट्या ढोलावर, सुरुवातीला जेमतेम ऐकू येईल असं. ते शेवटपर्यंत १६९ वेळा वाजतं. त्यावर एकच सुरावट आणि तिची जोडीदारीण, बासरीकडून क्लॅरिनेटकडे, तिथून बसूनकडे, ट्रम्पेटकडे, सॅक्सोफोनकडे. दहाव्या मिनिटाला आत्या मोजायची थांबली आणि म्हणाली, “हा लेहराच की, फक्त उलटा. आपल्याकडे पेटीवाला एकच धरून बसतो आणि तबलजी खेळतो. इथे तबलजी धरून बसलाय.” मी पुष्कळ वाचलं होतं, पण इतकं नेमकं कुठे सापडलं नव्हतं. तुम्ही ऐकाल तेव्हा आवर्तन हातावर धरा आणि कान ‘आता सुरावट कुणाकडे गेली’ याकडे ठेवा. शेवटाजवळ सगळा ऑर्केस्ट्रा एकदम दुसऱ्या सुरावर उडी मारतो. तेवढ्यात हात चुकला तर हरकत नाही.

दुसरं, ड्वोर्झाकची नववी सिंफनी, ‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’. १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. हिचा दुसरा, संथ भाग ऐका. आधी पितळी वाद्यांचे काही गंभीर कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) येतात, मग तंतुवाद्यांच्या मंद गालिच्यावर कॉर आंग्ले एकटं गाऊ लागतं. (इंग्रजीत त्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात. ते ना इंग्लिश, ना हॉर्न, ओबोचा थोरला भाऊ आहे.) पेटीवर काळी एकचा सा धरा आणि वाजवा: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूपाचे स्वर. म्हणून काही तो भूप होत नाही, राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, आत्या लगेच टोकेल. पण अनोळखी गावात आपल्या आळीतलं कुणी भेटावं तसं होतं खरं. त्या ओळखीवर उरलेली सिंफनी निभते.

चरित्रं, विश्लेषणं आधी वाचू नका. एवढंच करा की जी रचना लागणार तिची पहिली दोन मिनिटं आदल्या दिवशी ऐकून ठेवा. पुढे ती सुरावट बदलून, तुटून, दुसऱ्याच वाद्यावर परत येते, तेव्हा ती ओळखता यायला हवी. बंदिशीचा मुखडा माहीत असला की बढत कळते, तसंच.

सगळं कळलं पाहिजे हा हट्टही नको. कंटाळा आला तर एक वाद्य पकडा आणि एक अख्खा भाग फक्त त्याच्या मागे जा. मी बहुधा डबल बास पकडते. वही ठेवायची असेल तर एका रचनेला एक ओळ पुरे. माझ्या वहीत एका पानावर फक्त ‘हॉर्न फाटला, पण मजा आली’ असं लिहिलंय. थेट मैफलीत हॉर्नचा सूर असा कधीतरी फाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो कापून टाकतात.

मध्यंतर आणि अडथळे

वीसेक मिनिटांचं मध्यंतर असतं, त्यात गप्पा किंवा छोटा कार्यक्रम असतो. उठा, पाय मोकळे करा, पण आडवं होऊ नका. मी तीन वेळा ‘पाच मिनिटं’ आडवी झाले आणि तिन्ही वेळा सकाळ झाली.

नेट अडकलं तर अ‍ॅप बंद करून लगेच पुन्हा लावा. चार सेकंद गेले ते गेले. नंतर ऐकू, या भरवशावर राहू नका. झालेले कार्यक्रम देशाबाहेर मिळतीलच असं नाही.

घरचे विचारतातच, हे कुठलं परकं खूळ? आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून त्यांना आठवते का, ते विचारा. तानपुऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीची छाया. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. युरोपातून मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार तेव्हा आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत. आणि गवई मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने इथे जी गायनशाळा काढली, तिथे गाणं लिहून ठेवायची पद्धत शिकवत. वाद्यवृंद कागदावरून वाजतो याचं नवल निदान बडोदेकरांनी करू नये.

प्रत्यक्ष ऐकायचं झालं तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. बडोद्याहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्यासारखं, फक्त मैफल रात्री संपते म्हणून परतीची गाडी मध्यरात्रीनंतरची काढा. आत्याला मी नेलं होतं. वादक स्वर मिळवायला लागले आणि ओबोने सूर धरला, तेव्हा तिने माझ्या कोपराला हात लावला आणि अगदी हळू, पण मागच्या रांगेला ऐकू जाईल इतपत म्हणाली, “पांढरी सहा.”